पाळण्याच्या वजनाचा घुमट

गाडीत एक तुळई होती, सागाची, सात हात लांब, एका टोकाला वाळवीनं टोकरलेली. दोन दारं होती, चौकटींविना. जात्याच्या दोन्ही तळ्या, पाटा-वरवंटा, आणि तीन मडकी, त्यांतलं एक तडकलेलं. ज्वारीच्या बियाण्याचं एक पोतं, तोंड शिवलेलं. फडक्यात बांधलेले थोडे जव. आणि या सगळ्याच्या वर उपडा घातलेला एक पाळणा. गाडी दोन बैलांची होती, पण बैल एकच होता. जुवाची दुसरी बाजू एका तरण्या माणसानं आपल्या खांद्यावर घेतली होती.

दत्तोबा गवंडी शनिवार पेठेतल्या आपल्या दारात उभा राहून हे पाहत होता. गाडीमागून चालत आलेल्या बाईला त्यानं ओळखलंच नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"मोजून झालं आसंल, दत्तू, तर वाईच पानी दे."

मग त्यानं ओळखलं. ती सगुणाबाई होती, त्याची थोरली बहीण. जू धरलेला तो तिचा मुलगा बजरंग, आणि गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिलेली ती बजरंगची बायको आनंदी. आनंदीला पाचवा महिना होता.

सगुणाबाईला सुपे परगण्यात लोणमाळ नावाच्या गावी दिलं होतं. नावाप्रमाणेच ते माळावरचं गाव. पाऊस आला तर आला. बाभळीपलीकडे उभं लाकूड नाही. तिथली घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या भिंती, भिंतींवर तुळया, तुळयांवर काटक्या आणि काटक्यांवर हातभर माती. भिंती कुणीही उभारी. घराची किंमत तुळयांची. दुष्काळात गाव सोडायची पाळी आली की लोणमाळची माणसं भिंती तिथंच ठेवत, तुळया उतरवून गाडीत घालत आणि परतल्यावर पुन्हा चढवत. आजोबांनी घातलेली तुळई नातू तीनदा उतरवून तीनदा चढवी.

गेल्या साली मात्र आधी एक लष्कर येऊन माळावर उतरलं. कुणाचं होतं ते सगुणाबाईला अखेरपर्यंत कळलं नाही. लष्कराला चुली पेटवायला लाकूड हवं होतं. चौथ्या दिवशी लष्कर गेलं तेव्हा गावात भिंती होत्या, छप्पर एकही नव्हतं. सगुणाबाईनं आणि बजरंगनं मधली तुळई कोरड्या विहिरीत सोडली होती म्हणून तेवढी वाचली. मागून पाऊसही चुकला, आणि गाव उठलं.

"आता पाटलाचा सांगावा आलाय," पाणी पिऊन झाल्यावर सगुणाबाई म्हणाली. "आखितीच्या सणाला ज्याच्या चुलीवर छप्पर दिसंल त्याचं रान त्याचं. न्हाई दिसलं तर बाहीरची कुळं आनून बसवनार."

"एका तुळईवर छप्पर होत नाही, आक्का."

"त्ये मला ठावं हाय. म्हनून तुज्याकडं आले. पुन्यात म्हनं लई लाकूड येतं."

लाकूड येत होतं, हे खरं. सदाशिव पेठ तेव्हा नव्यानं वसत होती. सकाळी रिकामी दिसलेली जागा महिन्याभरात चौथऱ्यानं भरे, आणि मावळातून साग येई तो गाडीतून उतरायच्या आधीच कुणाच्या तरी चौकासाठी ठरलेला असे. उरलेलं लाकूड दत्तोबाच्या ऐपतीपलीकडचं होतं आणि सगुणाबाईच्या तर नावही काढण्यापलीकडचं. बजरंगनं हे दोन दिवसांत ओळखलं आणि एका वाड्याच्या पायावर दगड वाहायला जाऊ लागला. संध्याकाळी येऊन तो म्हणे, "आये, हितं रोज काम हाय." सगुणाबाई बियाण्याच्या पोत्याची शिवण तपासून बघे.

दत्तोबाचा सगळा जन्म घुमट बांधण्यात गेला होता. देवळाच्या गाभाऱ्यावर चुन्याविटांचा घुमट उचलायचा तर पेठेतली माणसं त्याचंच नाव घेत. आतून लाकडी आधार द्यायचा, त्यावर भाजक्या विटा चढवायच्या, चुना मुरला की आधार काढून घ्यायचा, असं ते काम. बहिणीची एकटी तुळई अंगणात आडवी पडलेली बघून तीन-चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी जेवता जेवता तो म्हणाला,

"छप्परच नको."

"म्हंजे उघड्यावर निजू?" सगुणाबाई म्हणाली.

"भिंतच आत झुकवत नेऊ. वर्तुळात उभी करायची, प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत. वर जाऊन मिटेल. कच्च्या विटा, मातीचा गारा. भट्टी नको, चुना नको, तुळई नको."

"आनि आतनं आधार?" बजरंगनं विचारलं.

"आधाराचीही गरज नाही. थर म्हणजे कडं. अपुरं असतं तोवर विटा आत पडू बघतात, गारा चिकट असला की तेवढा वेळ धरतो. शेवटची वीट बसली की त्या एकमेकींनाच दाटून धरतात. पडायला जागाच राहत नाही."

बजरंगनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मामा, तुमचा मान राखून सांगतो. घुमटाखाली मानूस मेल्यावर निजतो."

"देवही निजतो."

"देवाला बायकू-पोरं घिऊन ऱ्हायचं नस्तं."

सगुणाबाईचा आक्षेप निराळाच होता. ती अंगणातल्या तुळईकडे बघत म्हणाली, "पाळना कुटं टांगू?"

त्या तुळईला बजरंगचा पाळणा बांधलेला होता, बजरंगच्या बापाचा आणि त्याच्याही बापाचा. मधोमध दोऱ्यांनी दोन खाचा पडल्या होत्या, बोट घातलं तर बुडेल एवढ्या. लोणमाळात घराला घर कशावरून म्हणत, तर त्यात पाळणा टांगता येतो यावरून.

"ते नंतर बघू," दत्तोबा म्हणाला. नंतर बघू म्हणण्यात त्याची पहिली चूक होती.

दुसरी चूक हाताच्या सवयीतून झाली.

आंबील ओढ्याच्या काठी एक जागा रिकामी होती. पेठेचे कारकून यज्ञेश्वरपंत यांनी ती पाडव्यापर्यंत वापरायला दिली. पाडव्यानंतर तिथं कुणाचा तरी वाडा उठायचा होता. माती बघायला दत्तोबा आणि बजरंग दोघं गेले. ओढ्याची काळी माती वाळली की फाटते. तिच्यात जुन्या गावठाणाची पांढरी माती मिसळली आणि गव्हाचं काड चिरून घातलं तेव्हा वीट एकसंध सुकली. लोणमाळची आणखी चार कुटुंबं पुण्यात होती, त्यांतले गडी रिकाम्या वेळात येऊन विटा पाडू लागले. मधोमध एक खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि प्रत्येक वीट दोरीच्या टोकाला लावून बसवली. दोरी एकाच लांबीची, म्हणून घुमट अर्ध्या नारळासारखा गोल झाला, देवळावर असतो तसा. आधाराचं एक काटकूटही नसताना डोक्यावरचा थर मिटत जाताना पाहून बजरंगसुद्धा दगड वाहणं सोडून दोन दिवस तिथंच राहिला.

यज्ञेश्वरपंत एकदा छत्री टेकत आले. "वा, दत्तोबा. मूर्ती कुठून मागवलीत?"

"घर आहे, पंत."

"असं होय. मग पुजाऱ्याचा खर्च वाचला म्हणायचा."

घुमट मिटला आणि दत्तोबाला तो ओकाबोका वाटू लागला. कळसाशिवाय त्यानं कधी घुमट सोडला नव्हता. एका देवळाच्या कामातून उरलेला दगडी कळस त्याच्या परसात पडून होता; तो त्यानं चौघांकडून वर चढवला. दोन दिवसांनी बुडाशी उभे तडे दिसले. तिसऱ्या दिवशी दुपारी बजरंग आतून बाहेर आला आणि त्याच्या पाठीमागं कळस, माथा आणि अर्धी भिंत खाली आली.

धुरळा बसायला वेळ लागला. सगुणाबाईनं मुलाला पायांपासून डोक्यापर्यंत चाचपलं. मग ती ढिगाऱ्याकडे वळून म्हणाली, "दत्तू, देवाचं घर देवाला ठिवू. आमाला मानसाचं बांद."

त्या संध्याकाळी बजरंग म्हणाला की बियाणं आता विकावं, पोरगं हितंच जन्मंल आणि हितंच वाढंल. दगड वाहणाऱ्याचं पोरही जगतं. सगुणाबाईनं पोतं उचलून आपल्या उशाशी नेऊन ठेवलं.

दत्तोबा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात फिरला. जे उभं राहिलं होतं त्यातले तडे त्यानं नीट पाहिले. सगळे खाली रुंद होते आणि वर जाता जाता मिटत होते. म्हणजे माथा खचला तो नंतर. आधी बूड बाहेर फाकलं होतं. देवळावर असं का होत नाही? कारण तिथं खाली हातहातभर जाडीच्या दगडी भिंती असतात. त्या घुमटाला कमरेशी घट्ट धरतात, आणि श्रेय घेतो घुमट. वीस-पंचवीस वर्षं आपण अर्ध्या नारळाला शाबासकी देत आलो, असं त्याच्या मनात आलं, आणि शरमेपेक्षा त्याला कुतूहल जास्त वाटलं. मातीला दाबा, ती सोसते. ओढा, तुटते. मग असा कोणता आकार असेल, ज्यात ओढ कुठंच नाही?

हा प्रश्न डोक्यात घेऊन तो पेठेतल्या हौदाच्या काठावर बसला. कात्रजहून नळानं आलेलं पाणी हौदात संथ असे. पलीकडे दोन कडुनिंबांना दोरी बांधून सगुणाबाई नदीवरून धुऊन आणलेले कपडे वाळत घालत होती. लुगडी, धोतरं, आणि सगळ्यांत शेवटी मधोमध एक भिजून जड झालेली वाकळ. वाकळ पडताच दोरी मध्ये खाली गेली आणि तिथं तिला टोक आलं.

दत्तोबा दोरीकडे बघत नव्हता. तो पाण्यात बघत होता. पाण्यात तीच दोरी उलटी उभी होती. दोन्ही टोकं खाली, टोकदार माथा वर, बाजू सावकाश उतरत आलेल्या.

"आक्का, ती वाकळ काढ."

"आत्ता तर घातली."

"काढ म्हणतो ना!"

तिनं काढली. पाण्यातलं टोक बोथट झालं, माथा गोलसर झाला.

"आता परत घाल."

"माजा भाऊ कामातनं गेला," सगुणाबाई निंबाला उद्देशून म्हणाली, पण तिनं वाकळ घातली. टोक परत आलं.

दोरी नुसती ओढली जाते. तिला दाब माहीतच नाही. दाबली तर ती गोळा होते. लोंबताना ती आपसूक असा आकार घेते की अंगात सगळीकडे ओढच असावी. मग तोच आकार उलटा उभा केला, तर ओढीच्या जागी सगळीकडे दाबच येईल. आणि कळसाचं ओझं माथ्यावर ठेवायचं असेल तर वाकळीनं दोरीला दिलं तसं घुमटाला टोक द्यावं लागेल. अर्धा नारळ कळसासाठी नव्हताच. दत्तोबानं काठावर हात आपटला.

"आक्का! पाळणा टांगता येईल."

"वाकळीला?"

"घुमटाला. ओझं माथ्यावर ठेवलं काय आणि माथ्याला खालून टांगलं काय, घुमटाला सारखंच. फक्त ते किती हे आधी ठाऊक पाहिजे. पाळणा धरून आकार काढायचा."

सगुणाबाई ओले हात पदराला पुसत हौदाला वळसा घालून त्याच्याजवळ आली आणि तिनं पाण्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. "आसं हाय व्हय," ती म्हणाली. मग लगेच, "पाळन्यात पोर आसंल. आनि झोका देताना मी टेकते. त्ये बी धर."

दत्तोबाच्या घराच्या मागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले गेले आणि त्यांवर एक सुतळी सैल सोडली गेली. तिच्यावर मातीच्या गोळ्या ओवल्या. यात एक गोष्ट दत्तोबाला रात्रीतून नाही, दोनदा चुकल्यावर कळली: गोळ्या सारख्या घालून चालत नाही. घुमटाचा खालचा थर मोठा, त्यात विटा पुष्कळ. वरचा थर लहान, त्यात विटा थोड्या. म्हणून सुतळीच्या टोकांकडे मोठ्या गोळ्या आणि मध्याकडे येता येता बारीक. अगदी मध्ये मात्र एक वेगळा गोळा, पाळण्याचा. तो किती मोठा करायचा यावर वाद झाला.

"एवढा पुरे," बजरंग म्हणाला. अर्धवट मनानं का होईना, तो कामाला आला होता.

"तुजी आय काय चिमनी हाय?" सगुणाबाईनं आणखी माती घेऊन गोळा दुप्पट केला. आनंदी भाकऱ्या थापता थापता हसली आणि म्हणाली, "आत्याबाई, पावन्या बी येतील पोर बघाया. त्या बी टेकत्यात." गोळा आणखी वाढला.

सुतळीच्या कडेनं दत्तोबानं भिंतीवर कोळशानं रेघ ओढली, ती उलटी करून दुसऱ्या भिंतीवर काढली आणि मागं सरून उभा राहिला. देवळावर हा आकार शोभला नसता. रांजण उपडा घालावा तसा होता, वर थोडा निमुळता. तरी त्याला तो सुंदर वाटला, कारण त्यातली एकही रेघ त्यानं स्वतःच्या मनानं काढलेली नव्हती.

आता अडचण दोरीची आली. अर्ध्या नारळाला मधल्या खुंटीवरची एक दोरी पुरते. या आकारात प्रत्येक थराचं अंतर वेगळं. मधोमध उंच काहीतरी उभं पाहिजे, ज्यावर थरांच्या खुणा करता येतील आणि प्रत्येक खुणेपासून त्या थरापुरती दोरी ताणता येईल. सगळ्यांचे डोळे अंगणातल्या तुळईकडे गेले.

"तिला करवत लागनार न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

"करवत नाही. फक्त उभी करू. गेरूनं खुणा करू."

"गेरू चालंल. गेरू लावतोच आपुन."

तुळई टोकरलेलं टोक खाली करून ओढ्याकाठी उभी राहिली. तिच्या अंगावर गेरूच्या आडव्या रेघा चढल्या, आणि दोरीला गाठी पडल्या, रेघेगणिक एक. या वेळी लोणमाळची पाचही कुटुंबं आली. दत्तोबानं फक्त पहिले तीन थर स्वतः बसवले. पुढं तो बाजूला उभा राहून बघत असे; कारण लोणमाळात तो असणार नव्हता. बजरंग दोरी ताणी आणि ओरडे, "गाठ!" वीट गाठीला भिडे. दुसरी, तिसरी. कडं मिटलं की लगेच त्यावर चढून पुढचं. संपत नावाचा एक गडी, एरवी कुणाशी न बोलणारा, विटेला आत किती कलवायचं हे इतक्या लवकर शिकला की दत्तोबानं त्याला विचारलं, "पुण्यात राहतोस का? देवळं देतो." संपत म्हणाला, "न्हाई. रान हाय."

दाराची कमान त्यांनी त्याच सुतळीच्या नियमानं काढली. वरून माती, शेण आणि कोंडा यांचा लेप दिला. माथ्याशी वीतभर भोक ठेवलं.

चैत्र तोंडावर आला होता, ऊन भाजत होतं. कामासाठी ओढ्याकाठी टाकलेल्या कापडी पालात आनंदीला दुपार काढणं कठीण होई. दत्तोबाच्या बायकोनं तिच्यासाठी वाटीत तूप धाडलं होतं. पालात ठेवलं तर ते तेलासारखं पातळ होऊन गेलं, म्हणून आनंदीनं वाटी नव्या घुमटात नेऊन ठेवली. दुपार टळायच्या वेळी जाऊन बघते तर तूप थिजलेलं. तिनं वाटी तिथंच उपडी करून सासूला दाखवली; तूप पडलं नाही.

"भिंतीत ओल आहे अजून, म्हणून गार आहे," दत्तोबा म्हणाला. "घाई करू नका. वाळली की बघू."

भिंती वाळल्या. बाहेर दगडावर पाय ठेववत नव्हता अशा दुपारी वाटी पुन्हा आत ठेवली. दत्तोबा स्वतः बोट लावून आला. कडेला थोडं मऊ झालं होतं. मधे रवाळ, घट्ट. आनंदीनं कुणाला न विचारता आपली वाकळ आत नेली आणि भिंतीला पाठ लावून निजली. बजरंग दारात उकिडवा बसला. "मामा," तो हळूच म्हणाला, "जित्या मानसाला बी झोप लागती म्हनायची."

आता तुळई काढायची होती आणि पाळणा टांगायचा होता. तुळई तिरपी करून दारातून बाहेर आली. माथ्याच्या भोकावर आडवा टाकायला एक मजबूत दांडका हवा होता, हातभर लांब, सागाचा. बाभळीचा चालला असता, पण बाभळीला कीड लागते आणि वर चढून कोण बघणार? दत्तोबानं वाड्याच्या कामावर एखादा तुकडा मागावा असं ठरवलं. तो चपला घालत असताना सगुणाबाई तुळईपाशी गेली. गेरूच्या रेघांवरून तिनं हात फिरवला, खाचांपाशी थांबली, मग दुसऱ्या टोकाला गेली, वाळवी न लागलेल्या.

"बजरंग, करवत आन."

"आये, तू तर..."

"आन म्हनते ना. वरच्या रेघेच्या भाईर हातभर हाय, त्येचा उपेग काय? गावाला पाच घरं उठवायची हाईत ह्या तुळईनं. तेवढी पुरती. वरचा तुकडा हितं घाल, म्हंजे पाळना आपल्याच लाकडाला टांगला."

बजरंगनं करवत चालवली. तिनं दुसरीकडे बघितलं नाही.

दांडका माथ्यावर बसला. पाळण्याची दोरी भोकातून खाली आली. भोकावर सगुणाबाईनं ते तडकलेलं मडकं उपडं ठेवायला सांगितलं. धूर निघायला तड्यातली फट आयती होती. खालून बघून ती म्हणाली, "घ्ये तुजा कळस, दत्तू. हलका हाय."

पाडव्याच्या आदल्या दिवशी यज्ञेश्वरपंत जागा मोकळी करण्याविषयी सांगायला आले. आत पाच कुटुंबं दाटीवाटीनं बसलेली होती.

"उद्या ही जागा सोडायची आहे, ठाऊक आहे ना?"

"आज संध्याकाळी ठरेल, पंत. बसा. आत गार आहे."

पंत बसले नाहीत, पण छत्री मिटून आत आले आणि मान वर करून माथ्याकडे पाहत राहिले. "लाकूड कुठं लपवलंय?" त्यांनी विचारलं.

"हातभर आहे. पाळण्यापुरतं."

"एवढंच?" पंतांनी भिंतीला पंजा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "आमच्या माडीला तीस तुळया लागल्या, दत्तोबा. तरी दुपारी खाली ओट्यावर येऊन पडावं लागतं."

दत्तोबानं पाटा मधोमध, पाळण्याच्या बाजूला ठेवला. माथ्याच्या शेवटच्या थरात एक खिळा मारून त्याला ओळंबा सोडला आणि दोरी सावकाश सैल करत करत ओळंब्याचं टोक पाट्याच्या अगदी जवळ आणलं. मग फडक्यातला एक जव घेऊन तो टोकाखाली उभा धरला. जव टोकाला घासून जेमतेम गेला. त्यानं दोरी तिथंच पक्की केली.

"आता नीट ऐका," तो सगळ्यांना म्हणाला. "फट उभ्या जवाची आहे. ओझं टांगलं की माथा थोडा बसेल, माती आहे. संध्याकाळी आडवा जव आत शिरला, तर उद्या गाड्या जुंपा, मी जोखीम घेतो. आडवाही शिरला नाही, तर माथा खचतच राहणार. मग मी कुणाला लोणमाळाला जा म्हणणार नाही. मला गळ घालू नका."

"आनि मग?" बजरंगनं विचारलं.

"मग तुझा मुकादम आहे आणि दगड आहेत."

पाळण्यात जात्याची खालची तळी गेली, मग वरची. त्यावर बियाण्याचं पोतं. दोर कुरकुरला. दांडक्याखालून बारीक माती झरली आणि थांबली. पोतं बसल्यावर सगुणाबाई पाळण्याच्या काठाला टेकली, सगळ्या अंगानं, आणि झोका दिला.

"आक्का, हलवू नकोस!"

"मंग पाळना कशाला म्हनायचा?" ती झोका देत राहिली. मग आनंदी टेकली. मग बाकीच्या चौघी आल्या, आळीपाळीनं, पाहुण्या येतात तशा. पंत कामावर गेले आणि दुपारनंतर परत आले. जागेविषयी त्यांनी काही विचारलं नाही. संपत बाहेरून घुमटाला फेरी घालून बुडाशी तडे शोधत होता. बजरंग ओळंब्यापाशी बसून होता, पण त्याला दत्तोबानं वाकून बघायची मनाई केली होती, श्वासानंही ओळंबा हलतो म्हणून.

ऊन दारातून आत आलं, पाट्यापर्यंत पोचलं आणि मागं सरलं. दत्तोबा गुडघ्यांवर बसला. फडक्यातून त्यानं सकाळचाच जव उचलला. ओळंबा स्थिर व्हायची वाट पाहिली. सगुणाबाईनं पाळण्याचा हात सोडला नाही.

जव उभा धरला, शिरला नाही. आडवा धरला, शिरला.